सत्तावीस, आणि आता बास

३ मार्च, सोमवार

नको म्हटलं तर नको! साध्या सोप्या शब्दांत सांगितलं. एकदा नाही, तीनदा.

सकाळी नऊला फोन. हार्डवेअरवाला. 'सिस्टर, माल आलाय. सहा इंची, हातघडणीची, अक्रोडाची मूठ. तुमच्यासाठी बाजूला काढलीय, दुसऱ्या कुणाला दाखवलीसुद्धा नाही.' मी म्हटलं, छान असेल, पण मला नको. 'बघून तर जा.' नको. 'घरी पाठवतो, आवडली तर ठेवा.' अहो, नको! मग तो सांत्वनाला आल्यासारख्या आवाजात म्हणाला — 'सिस्टर, तब्येत बरी आहे ना?'

तब्येत! माणसाने खरेदी थांबवली की तो आजारी! वीस वर्षं या गृहस्थाला माझं सुऱ्यांचं वेड पोसत आलं, तेव्हा मी ठणठणीत होते म्हणे.

माझ्याकडे सत्तावीस आहेत. हॉस्पिटलने भंगारात काढलेलं उपकरणांचं कपाट मी निवृत्तीच्या वर्षी उचलून आणलं. पाच चपटे खण, प्रत्येकात ऑपरेशन थिएटरातलं हिरवं कापड, त्यावर जाड कागद, आणि कागदावर प्रत्येक सुरीची बाह्यरेषा काढलेली, आत आकडा. रेषा ह्यांनी काढल्या. ड्राफ्ट्समन होते. कागद बघूनच कळावं, कोण कुठे झोपतं ते. खाटकाची हाडं सोडवायची, माळ्याची कलमं करायची वाकडी, चांभाराची रापी, दातेरी, बिनदातेरी, वीतभर, बोटभर. आणि मी त्यांनी कापते! ज्यांना फक्त शोभा हवी त्यांनी काचेची बदकं आणावीत.

गेल्या महिन्यात एका दुपारी सगळ्यांना तेल लावलं, पाचवा खण ढकलला आणि वाटलं — झालं. पोटभर जेवून ताट पुढे सारावं तसं. काही कमी नाही, काही यायचं नाही. इतकं छान वाटलं की चहा करून गॅलरीत बसले आणि काही म्हणता काही केलं नाही.

सत्ताविसावा चाकू विकतचा नाही. ह्यांचा आहे. शर्टाच्या खिशातला, दोन पात्यांचा, लहान पात्याचं टोक मोडलेलं. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलने पाकिटात घालून माझ्या हातात दिला, चष्मा आणि घड्याळाबरोबर. मी सही केली, घरी आले, पाचव्या खणात ठेवला. त्याची रेषा मीच काढली. जरा जाड आली.

तर, सत्तावीस. बास.

४ मार्च, मंगळवार

त्या हार्डवेअरवाल्याने माझ्या लेकीला फोन केला. जिभेला हाड नाही मेल्याच्या!

५ मार्च, बुधवार

लेक शाळेतून थेट इकडे. भूमिती शिकवते. बाहीवर खडूची भुकटी, ती झटकायचीही उसंत नाही, इतकी आईची काळजी.

'आई, काय झालं?'

'कशाला काय झालं?'

'ते दुकानदार म्हणाले, तू नवीन सुरीला नाही म्हणालीस.'

'मग?'

'तू! सुरीला! नाही म्हणालीस!'

मी कपाळावर हात मारून घेतला. हीच ना ती? आई पुरे. आई, हे घर आहे की खाटीकखाना. आई, लोकांच्या आया चमचे जमवतात, तिकिटं जमवतात, तुझंच जगावेगळं. आई, माझ्या मैत्रिणी पाणी प्यायलासुद्धा स्वयंपाकघरात यायला घाबरतात. वीस वर्षं माझे कान किटवले. आता मी आपण होऊन पुरे म्हटलं, तर हिच्या तोंडचं पाणी पळालं!

'पण का, आई?'

'भरलं म्हणून.'

'म्हणजे कंटाळा आला?'

'नाही.'

'दुकानात जायला दमतेस?'

'नाही!'

'मग असं अचानक कुणी पुरे म्हणतं का?'

तृप्त माणूस या घरात कुणी पाहिलाच नाही वाटतं.

जाताना दारात म्हणाली, 'आमची मागची खोली रिकामीच आहे. तू ये की राहायला.'

'आणि कपाट?'

'कपाट... बघू ना.'

बघू म्हणजे नाही. त्या खोलीचं दार माझ्या कपाटापेक्षा चार बोटं अरुंद आहे. मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे, भूमिती शिकवते ना!

९ मार्च, रविवार

मोजणी केली. सत्तावीस.

लेक एकदा म्हणाली होती, 'दर रविवारी काय मोजतेस? रात्रीतून पाय फुटणारेत का त्यांना?' चौतीस वर्षं थिएटरात काढली त्या बाईला हे विचारायचं!

पेशंट टेबलावर घेण्याआधी सगळी उपकरणं मोजायची. पोट शिवण्याआधी मोजायची. शिवून झालं की पुन्हा. आणि दोघींनी मोजायची — एकीने मोठ्याने आकडा म्हणायचा, दुसरीने डोळ्यांनी बघून 'बरोबर' म्हणायचं. एकटीची मोजणी ही मोजणीच नव्हे. एकटं माणूस आपल्याला हवा तो आकडा मोजतं.

एकदा एक चिमटा कमी भरला. सर्जन म्हणाला, माझी खात्री आहे, मी शिवतो. मी दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मोजणी जुळेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही. तो ओरडला, बदलीची धमकी दिली, माझ्या आईवडिलांचं शिक्षण काढलं. अकरा मिनिटांनी चिमटा सापडला — त्याच्याच पायाखालच्या कापडात! तेव्हापासून तो मला 'मॅडम' म्हणायला लागला.

ह्यांना हा किस्सा तोंडपाठ होता. दर रविवारी चष्मा कपाळावर चढवून कपाटापाशी उभे राहायचे. मी म्हणायची, 'एक.' हे म्हणायचे, 'बरोबर.' असं शेवटपर्यंत. आणि शेवटचा आकडा झाला की कमरेत वाकून — 'सिस्टर, पेशंट शिवू का आता?' दर रविवारी! तोच विनोद! मी कधी हसले नाही. हसायला हवं होतं एखाद्या वेळी.

आता मीच मोजते आणि मीच बरोबर म्हणते. नियमात बसत नाही. पण भरतात.

१२ मार्च, बुधवार

मला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. 'डोळे तपासायला जाऊ' असं सांगून! एकाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाईला, लहान मुलाला इंजेक्शनला नेतात तसं.

डॉक्टर माझ्या चपलांपेक्षा वयाने लहान. तीन शब्द लक्षात ठेवा म्हणाला — सफरचंद, टेबल, नाणं. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. शंभरातून सात-सात वजा करा. मी केलं, आणि त्याच्या टेबलावरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे हेही सांगितलं.

'हल्ली पूर्वीसारखा आनंद वाटत नाही, असं होतं का?'

'पूर्वीपेक्षा जास्त वाटतो.'

'मग सुऱ्या घेणं का थांबवलंत?'

'तुम्ही जेवणावरून उठता ते अन्न आवडत नाही म्हणून?'

त्याने काहीतरी लिहिलं. उलटं वाचायला मी थिएटरात शिकले. 'चिडचिड — बरीच.'

बरीच! त्याला अजून काही दिसलेलंच नाही.

१३ मार्च, गुरुवार

स्मरणशक्ती उत्तम असल्याचा कागद आला. लेकीने दोनदा वाचला आणि म्हणाली, 'मग नक्की होतंय तरी काय?' — माझ्याकडे बघून!

१६ मार्च, रविवार

वाढदिवस. एकाहत्तर. लेक आणि जावई केक घेऊन आले. जावई सज्जन आहे. घाबरतो मला, ते बरंच आहे.

आणि भेट! चकचकीत कागद सोडला तर आत सुरी. गुलाबी मूठ. पात्यावर फुलं — फुलं, पात्यावर! असली वस्तू मी दुकानात पाहिली असती तर दुकानदाराला खडसावलं असतं.

'अठ्ठाविसावी, आई!' लेक म्हणाली. डोळे असे लावून बसली होती माझ्या तोंडाकडे, औषधाचा चमचा पुढे धरून बसावं तशी.

'ही मी घेणार नाही.'

जावयाने केकमध्ये तोंड घातलं.

'घे ना. एकच. माझ्यासाठी.'

'तुझ्यासाठी मी डॉक्टरकडे जाऊन घड्याळं काढली. अजून काय काय करू?'

तिचा चेहरा लालबुंद झाला. 'हात धुऊन येते,' म्हणून आत गेली. बराच वेळ धूत होती. आम्ही दोघं, सासू-जावई, गुलाबी सुरीने केक कापत बसलो. ती केकमध्ये अडकली. केकमध्ये!

निघताना लेकीने पुन्हा मागच्या खोलीचं काढलं. पुढच्या महिन्यात रंग देऊन घेणार आहेत म्हणे, कुठला रंग हवा ते सांग. मी म्हटलं, काळा दे.

१७ मार्च, सोमवार

काल पाहुण्यांमुळे मोजणी राहिली. आज केली.

सव्वीस.

पुन्हा केली. सव्वीस. खण बाहेर काढले, कापडं झटकली, कपाटामागे विजेरी मारली. पाचव्या खणात शेवटची रेषा रिकामी. ह्यांचा चाकू नाही.

चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक टाचणी गेली नाही.

१९ मार्च, बुधवार

सगळं लक्षात आलं माझ्या!

डॉक्टरचा कागद लेकीला पटला नाही. मनासारखा निकाल आला नाही की पुन्हा परीक्षा घ्यायची, मास्तरीण आहे ना! एक वस्तू गुपचूप उचलायची आणि म्हातारीच्या लक्षात येतं का बघायचं. नाही आलं, की झालं — चला मागच्या खोलीत, भिंती काळ्या हव्यात ना, देतो काळ्या.

माझ्याच कपाटातून! मला न विचारता! शाळेत नन्स आम्हाला रोज शेवटच्या तासाला वहीत स्वतःच्या चुका लिहायला लावायच्या. तीन ओळी, सुवाच्य अक्षरात. हे पानं भरण्याचं खूळ मला तिथूनच लागलं. कुणी दुसरीची तक्रार घेऊन गेली की थोरल्या नन म्हणायच्या, आधी स्वतःचं पान भर, मग शेजारच्या बाकाकडे बघ.

भरलं माझं पान. काही नाही त्यावर. आता बघते शेजारच्या बाकाकडे.

रविवारी जेवायला बोलावलंय दोघांना.

२३ मार्च, रविवार

झालं ते लिहून ठेवते. नंतर कुणी वाढवून सांगायला नको.

सूप झालं, बटाटे झाले. मी उठले, पुढच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली एप्रनच्या खिशात. दुर्दैवाने तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण वाटी परत द्यायला आत आली होती, तीही अडकली.

'माझी एक वस्तू कमी भरते आहे,' मी म्हटलं. 'मोजणी जुळेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही.'

शेजारणीने वाटी छातीशी धरली. 'अहो, ही तुमचीच आहे! मी द्यायलाच आले होते!'

'वाटीचं नाही हो.'

'आई,' जावई उभा राहून म्हणाला, 'मी माझे खिसे दाखवतो.' आणि खरंच दाखवले! रुमाल, किल्ल्या, गोळ्यांची पट्टी. सगळं ओळीने मांडलं टेबलावर. बरं झालं म्हणायचं, एका माणसाला तरी शिस्त आहे.

'ह्यांचा चाकू,' मी म्हटलं. 'पाचव्या खणातला. गेल्या रविवारी इथे कोण कोण होतं, ते मला सांगायला नको. माझी परीक्षा घ्यायची होती ना? घेतली. पास झाले. आता परत द्या!'

लेक उठली. पर्स उचलली आणि टेबलावर उपडी केली. कंगवा, बसचा पास, खडूचे तुकडे, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या पेन्सिली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, आणि पर्समध्ये पेन्सिली घेऊन हिंडते, तीही टोकं मोडू नयेत म्हणून गुंडाळून! चाकू नव्हता.

'दार उघड, आई.'

'मोजणी —'

'दार उघड!'

आवाज असा, की माझा हात आपोआप खिशात गेला. आयुष्यात माझ्यावर ओरडली नव्हती. त्या सर्जनचं मी ऐकलं नव्हतं, आणि हिचं ऐकलं.

केक तसाच राहिला. शेजारीण वाटी घेऊनच गेली.

२४ मार्च, सोमवार

जिन्यात शेजारीण भेटली. मला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली, जणू माझ्या बाहीतून काही निघणार आहे.

माझं काही चुकलेलं नाही.

२९ मार्च, शनिवार

सहा दिवस. फोन नाही. एरवी दिवसातून दोनदा — आई, जेवलीस का, आई, गॅस बंद केलास का. बरं झालं! शांतता आहे.

दुपारी तेल लावायला बसले. मन लागेना. सव्वीस आहेत समोर, एकापेक्षा एक, आणि नजर जाते त्या रिकाम्या जाड रेषेवर. महिन्यापूर्वी मी इथेच बसून पोट भरल्यासारखी उठले होते. तो आनंदसुद्धा उचलून नेला कुणीतरी!

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. परीक्षाच घ्यायची तर पहिल्या खणातली कुठलीही घ्यावी. उभ्या उभ्या हाताला येते. पाचवा खण अगदी तळाशी, गुडघे टेकावे लागतात. लेकीचे गुडघे दुखतात, शाळेत दिवसभर उभी असते. म्हणजे ती माझ्या कपाटापुढे गुडघे टेकून बसली आणि खणातला शेवटचा चाकू शोधून घेतला.

शोधून! परीक्षेला काय कुणी शोधून घेतं?

२ एप्रिल, बुधवार

लेक आली. किल्ली असून बेल वाजवली.

बसली नाही. पर्समधून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली, सोडली आणि एक पेन्सिल माझ्यासमोर टेबलावर ठेवली. लांब, सुईसारखं टोक, आणि लाकडावर सहा चपटे, स्वच्छ काप. असं टोक यंत्राने होत नाही. असं टोक एकाच पात्याने व्हायचं, या घरात, याच टेबलावर. अशा पेन्सिली त्या जेवणाच्या रविवारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पाहिल्या आणि वर नाक मुरडलं!

'चाकू माझ्याकडे आहे,' ती म्हणाली. 'परत आणलेला नाही. आणणारही नाही.'

मी ताडकन उठले. 'मागायचा होतास! तोंड नव्हतं तुला? चोरासारखं —'

'मागितला होता.'

'कधी?'

'हॉस्पिटलातून घरी आलो त्याच संध्याकाळी. मी विचारलं, आई, बाबांचा चाकू कुठे आहे? तू म्हणालीस, जागेवर आहे.'

मला आठवलं. डॉक्टरच्या कागदाप्रमाणे स्मरण उत्तम! हीच खुर्ची. तिने विचारलं, मी म्हटलं, जागेवर आहे. मला वाटलं ती विचारतेय, हरवला तर नाही ना. थिएटरात याहून चांगलं उत्तर नसतं. हे दोन शब्द ऐकले की सगळी खोली श्वास सोडते. मी तिला दिलासा दिला अशा समजुतीत दोन वर्षं होते.

'तू ड्यूटीवर असायचीस,' ती म्हणाली, आता बसून. 'आम्ही दोघं जेवलो की बाबा वर्तमानपत्र पसरायचे आणि माझ्या सगळ्या पेन्सिलींना टोकं करून द्यायचे. दहावीपर्यंत. साल न तुटता अख्खी निघाली की ती मला मिळायची. माझ्याकडे डबाभर होत्या. तुझ्या कपाटातल्या कुठल्या सुरीला मी कधी हात लावला? हा तुझ्या कपाटातला नव्हताच, आई. घड्याळ तू माझ्या नवऱ्याला दिलंस. आणि मला काय दिलंस?'

चष्मा. मी तिला चष्मा दिला होता. ह्यांच्या नंबरचा! काय करायचं होतं तिने त्याचं?

'वाढदिवसाला म्हटलं, अठ्ठाविसावी घेतलीस, तर तिच्या बदली बाबांचा चाकू मागून बघेन. तू तीही घेतली नाहीस.'

मी पेन्सिल उचलली आणि टोक बोटावर टेकवून पाहिलं.

मग तिने तेही सांगितलं, ज्यासाठी हा सगळा डॉक्टर आणि मागची खोली आणि गुलाबी सुरीचा तमाशा. शेवटच्या वर्षी ती ह्यांच्यासाठी पेन्सिलींचा डझन घेऊन आली होती. 'बाबा म्हणाले, नको गं, आहेत तेवढ्या पुरे आहेत. छान हसून म्हणाले. मला किती बरं वाटलं, बाबा खूश आहेत म्हणून. पाच महिन्यांत गेले. आणि आता तू. पुरे, भरलं. तसंच.'

'मी हसून म्हटलं नव्हतं!' मी म्हटलं. 'मी त्या हार्डवेअरवाल्यावर खेकसले होते!'

ती हसायला लागली आणि त्यातच रडायला लागली. नाक पुसायला माझा एप्रन घेतला, लहानपणी घ्यायची तसा.

'अगं,' मी म्हटलं, 'जेवून उठल्यावर मी काय मरते? भांडी घासते. भूक नाही एवढंच. जिवंत आहे चांगली.'

'दिसतंय ते,' ती म्हणाली. 'शेजारणींना कोंडतेस.'

४ एप्रिल, शुक्रवार

स्वतःचं पान. तीन ओळी लिहायच्या असतात. माझी एकच आहे.

हॉस्पिटलने पाकीट माझ्या हातात दिलं म्हणून आतलं सगळं माझं, असं मी धरलं, आणि त्यातला ह्यांचा खिसा तेवढा उचलून स्वतःच्या संग्रहात लावला. आणि त्याने संग्रह पूर्ण झाला म्हणून आनंदात गॅलरीत चहा पीत बसले.

दार लावलं ते मात्र चुकलं असं मला अजून वाटत नाही. मोजणी जुळत नव्हती.

लेकीला फोन करून सांगितलं, मागची खोली तुझ्या शाळेच्या तक्त्यांना लाव, पेन्सिलींना लाव, कशालाही लाव. मी आणि कपाट इथेच. ती म्हणाली, 'बरं.' एवढंच! मी वादाची सगळी तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली.

गुलाबी सुरीने टोमॅटो कापून पाहिला. कापला! पातळ, सरळ, साल न ओढता. अशा रूपाच्या वस्तूला हे कुणी शिकवलं? ओट्यावर ठेवली आहे. मोजणीत धरणार नाही.

शेजारणीकडे ताजा केक करून पाठवला. वाटी आली. आत दोन सफरचंदं.

६ एप्रिल, रविवार

मोजणी. एक ते सव्वीस, इथे. मग लेकीला फोन लावला. म्हटलं, खण उघड आणि मोज. मोठ्याने.

पलीकडे लाकूड सरकल्याचा आवाज.

'एक,' ती म्हणाली.

'बरोबर,' मी म्हटलं.

सत्तावीस. दोघींनी मोजलेले, नियमाप्रमाणे. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

'सिस्टर, पेशंट शिवू का आता?'

हसले मी. मोठ्याने. शीव म्हटलं.